दोन व्हायरस, दोन फायली आणि मेव्हण्याची इम्युनिटी पावडर

पत्र आलंय खानापूर तालुक्यातून. ओळख लागेल असं सगळं काढून, थोडं छाटून देतेय.

"अक्का, मी ४६ वर्षांचा, उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये कामाला आहे. अकरा वर्षं एचआयव्हीच्या गोळ्या चालू आहेत, एकही चुकवलेली नाही. इथं ओळखीचं कोणी भेटेल म्हणून गोळ्या कोल्हापूरला जाऊन आणतो. व्हायरल लोड (रक्तातलं व्हायरसचं प्रमाण) 'नॉट डिटेक्टेड' आहे, सीडी-४ (इम्युनिटीच्या पांढऱ्या पेशी) ४१०. आता हर्नियाच्या ऑपरेशनआधी बेळगावात रक्त तपासलं तर हेपटायटिस सी पॉझिटिव्ह आलं. घाबरून एका प्रायव्हेट लॅबमध्ये अजून टेस्ट केल्या, त्यात सीडी-४ सीडी-८ रेशो ०.४ आलाय आणि पुढं लाल अक्षरात 'लो' लिहिलंय. नेटवर वाचलं की दोन व्हायरस एकत्र असले की इम्युन सेल थकतात, अंगभर इन्फ्लमेशन राहतं आणि हार्ट अटॅक येतो. वर्षभर थकवा फार आहे. मेव्हण्याला फक्त 'लिव्हरचं काहीतरी' इतकंच सांगितलंय तर त्यानं गुळवेलीचा रस आणि इम्युनिटी बूस्टर पावडर आणून दिलीय. दोन-दोन औषधं एकदम झेपणार नाहीत म्हणून एचआयव्हीच्या गोळ्या तीन महिने थांबवून आधी हेपटायटिसचं उरकू का? बायको एचआयव्ही निगेटिव्ह आहे, तिला हे लागेल का? घरात फक्त तिलाच सगळं माहीत आहे. रिपोर्टचे फोटो सोबत पाठवलेत."

दादा, आधी एक गोष्ट, बाकीचं वाचायच्या आधी. एचआयव्हीच्या गोळ्या थांबवायच्या नाहीत. तीन महिने नाही, तीन दिवस पण नाही. हे का ते खाली सांगते, पण आज रात्रीची गोळी घ्या आणि मग निवांत बसून वाचा.

आता तुमचे रिपोर्ट. चारपाच वेळा झूम करून बघितले, फोटो जरा हललेत पण आकडे लागतात. पहिली गोष्ट म्हणजे तुम्हाला हेपटायटिस सी 'आहे' असं अजून कोणी सिद्ध केलेलंच नाही. ऑपरेशनआधी जी टेस्ट झाली ती कार्डवरची अँटीबॉडीची टेस्ट, ती एवढंच सांगते की हा व्हायरस कधीतरी तुमच्या अंगात येऊन गेलाय किंवा अजून आहे. काही लोकांच्यात तो पहिल्या सहा महिन्यांत आपोआप निघून जातो, दर शंभरात साधारण पंधरा ते पंचेचाळीस जणांच्यात, एचआयव्ही असलेल्यांच्यात हे प्रमाण कमी असतं पण असतं. अँटीबॉडी मात्र आयुष्यभर राहते. व्हायरस आहे की गेलाय हे कळायला आरएनएची पीसीआर टेस्ट लागते, ती तुमच्या फायलीत कुठंच दिसली नाही. म्हणजे तुम्ही पंधरा दिवस झोप घालवलीय ती अर्ध्या टेस्टवर. ती टेस्ट आधी करा. निगेटिव्ह आली तर या पत्रातलं अर्धं उत्तर तुम्हाला लागूच होत नाही. पण लिव्हरला इजा झाली की रक्तात वाढणारे दोन आकडे असतात, तुमचं एसजीपीटी ८१ आणि एसजीओटी ६२, ते बघता मला वाटतं व्हायरस असावा, म्हणून तो आहे असं धरूनच पुढं लिहिते.

नेटवर जे वाचलंत ते खोटं नाही. फक्त ते वाचून जो अर्थ काढलात तो उलटा आहे. तुम्ही समजलात की इम्युनिटी कमी पडलीय, मेव्हण्यालाही तेच वाटलं आणि पावडर आली. तुमची गंमत अशी आहे की इम्युनिटी कमी पडलेली नाही, ती विनाकारण जास्त चालू आहे. मशीन शॉपवाल्याला सांगायचं तर जॉब काढून घेतलाय तरी स्पिंडल फुल आरपीएमवर फिरतंय, बेअरिंग तापतंय, ग्रीस जळतंय, आणि कोणीतरी म्हणतंय स्पीड अजून वाढवा. बूस्टर म्हणजे तेच.

हे असं का होतं ते नीट सांगते कारण यातच तुमच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. एचआयव्ही सीडी-४ पेशी मारतो हे सगळ्यांना माहीत असतं, पण त्या कुठल्या मारतो हे कोणी सांगत नाही. आपल्या सीडी-४ पेशींचा मोठा साठा रक्तात नसतोच, तो आतड्याच्या भिंतीत असतो, आणि लागण झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांतच, म्हणजे माणसाला पत्ताही नसतो तेव्हाच, हा व्हायरस तिथला साठा साफ करतो. गोळ्या सुरू झाल्या की रक्तातला सीडी-४ चढतो, आतड्यातला मात्र पूर्ण भरून येत नाही. मग आतड्याची भिंत थोडी गळकी राहते आणि आत जे अब्जावधी बॅक्टेरिया असतात त्यांचे तुकडे, त्यांच्या सालपटांचे कण, थोडे थोडे रक्तात झिरपत राहतात. जिवंत जंतू नाहीत हं, नुसते तुकडे. पण शरीराला ते कळत नाही, त्याच्या लेखी हल्ला झालाय. मग मोनोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी खवळतात, आयएल-६ सारखी रसायनं सोडतात, रक्त गोठायची यंत्रणा पण थोडी चढी राहते. ताप येत नाही, सूज दिसत नाही, सीबीसीमध्ये, म्हणजे रक्तपेशी मोजायच्या साध्या टेस्टमध्ये, काही सापडत नाही. धुमसत राहतं नुसतं. वर्षानुवर्षं.

आणि आता बघा लिव्हर कुठं येतं यात. आतड्यातून निघालेलं सगळं रक्त आधी लिव्हरमध्ये जातं, मग बाकी अंगात. लिव्हरमध्ये कुफर पेशी म्हणून असतात, त्यांचं कामच हे की आतड्याकडून आलेला असला कचरा तिथंच अडवायचा. आता ज्या माणसाच्या आतड्यातून एचआयव्हीमुळं कचरा जास्त येतोय त्याच्याच लिव्हरमध्ये हेपटायटिस सी बसलाय, तिथं स्वतःचीच जळजळ चालू आहे, पेशी मरतायत, त्या जागी चट्टे पडतायत, तर तो कचरा अडवणार कोण? जो अडला नाही तो पुढं जातो आणि जो लिव्हरमध्ये पोचला तो तिथली जळजळ अजून वाढवतो. एकानं दुसऱ्याला हात द्यायचा असा प्रकार. म्हणून दोन्ही व्हायरस असलेल्यांच्यात लिव्हरला चट्टे पडायचं काम नुसत्या हेपटायटिस सीवाल्यांपेक्षा लवकर होतं, एचआयव्ही गोळ्यांनी दाबलेला असला तर हा वेग कमी होतो पण पूर्ण बरोबरीला येत नाही.

'पेशी थकतात' हे जे वाचलंत त्याचा अर्थ पण बघू. सीडी-८ म्हणजे व्हायरस बसलेल्या पेशींना मारणाऱ्या पेशी. सर्दीचा व्हायरस आला, आठ दिवसांत मारला, विषय संपला, त्या पेशी शांत होतात. पण व्हायरस वर्षानुवर्षं तिथंच असला आणि रोज समोर दिसत राहिला तर त्या सीडी-८ पेशी स्वतःवरच ब्रेक लावून घेतात, पीडी-१ नावाचा एक ब्रेक असतो त्यांच्या अंगावर, तो वाढतो. मारायची ताकद कमी होते, पण पेशी जात नाहीत, गर्दी करून राहतात. म्हणजे कामाला कमी आणि दंग्याला जास्त. याला इंग्रजी लेखांत एक्झॉशन म्हणतात आणि ते वाचून माणसाला वाटतं माझा थकवा म्हणजे तोच. नाही हो. पेशीचा थकवा आणि दुपारी तीन वाजता लेथवर डोळे मिटणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमच्या थकव्याकडं नंतर येते.

तो ०.४ चा रेशो. निरोगी माणसात सीडी-४ सीडी-८ पेक्षा जास्त असतात म्हणून रेशो एकच्या वर असतो. तुमचे सीडी-४ ४१० आणि सीडी-८ हजाराच्या वर आहेत. यात सगळा दोष हेपटायटिस सीचा नाही, तिसरा एक आहे ज्याचं नाव तुमच्या कुठल्याच रिपोर्टवर नाही, सायटोमेगॅलोव्हायरस, सीएमव्ही. आपल्याकडं बहुतेक सगळ्या मोठ्या माणसांच्या अंगात तो लहानपणापासून झोपलेला असतो, तुमच्या, माझ्या, डॉक्टरांच्या पण. एचआयव्ही असलेल्यांच्यात शरीर त्याच्यावर पहारा ठेवायला सीडी-८ ची मोठी फौज पोसतं आणि ती गोळ्यांनंतरही कमी होत नाही. म्हणून तुमच्यासारखा व्हायरल लोड दाबलेला पण रेशो खाली असलेला माणूस अजिबात विरळा नाही. त्या लाल 'लो' चा अर्थ उद्या काही होणार असा नाही. अर्थ एवढाच की धुमसणं चालू आहे, तेव्हा हार्ट, साखर, बीपी यांच्याकडं इतरांपेक्षा जरा लवकर लक्ष द्यायचं. ती टेस्ट दर तीन महिन्यांनी परत परत करत बसू नका, हा आकडा हलायला वर्षं लागतात. आणि हो, त्याच लॅबनं तुम्हाला 'सायटोकाइन पॅनल' चा पण सल्ला दिलाय असं फोटोत खाली छापलेलं दिसलं. पैसे घालवू नका. आयएल-६ चा आकडा कळून तुमच्या औषधात एका गोळीचा पण फरक पडणार नाही, ते रिसर्चवाल्यांच्या कामाचं.

त्यापेक्षा एक फुकटचं गणित सांगते जे तुमच्या हातातल्या रिपोर्टवरच होतंय. फिब-४ म्हणतात त्याला. वय गुणिले एसजीओटी, त्याला भागायचं प्लेटलेट गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ यानं, प्लेटलेट हजारात धरायचे. तुमचं बघा: ४६ गुणिले ६२ म्हणजे २८५२. प्लेटलेट १ लाख ६८ हजार म्हणजे १६८, एसजीपीटी ८१ चं वर्गमूळ ९, गुणाकार १५१२. भागाकार येतो १.८९ च्या आसपास. १.४५ च्या खाली असता तर लिव्हरला मोठे चट्टे नाहीत असं बऱ्यापैकी म्हणता आलं असतं, ३.२५ च्या वर असता तर काळजीचं होतं. तुम्ही मधे आलात, म्हणजे फायब्रोस्कॅन, लिव्हर किती कडक झालंय ते बाहेरून मोजणारी तपासणी, करायला पाहिजे, अंदाजावर सोडायचं नाही. हा फॉर्म्युला २००६ मध्ये काढला गेला तोच मुळात एचआयव्ही आणि हेपटायटिस सी दोन्ही असलेल्या लोकांच्या आकड्यांवरून, त्यामुळं तुम्हाला तो परका नाही.

इथंच अजून एक. सीडी-४ च्या ४१० शेजारी टक्केवारी असते, म्हणजे लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशींत शंभरात सीडी-४ किती, ती तुमच्या फोटोत कापली गेलीय. लिव्हर खराब होऊन प्लीहा मोठी झाली तर ती रक्तातल्या पेशी अडकवून ठेवते, मग प्लेटलेट पण कमी दिसतात आणि सीडी-४ चा आकडा पण, टक्केवारी मात्र जागेवर राहते. तसं असलं तर सीडी-४ कमी व्हायचं कारण एचआयव्ही नसून लिव्हर असतं. तुमच्या प्लेटलेट अजून ठीक आहेत पण डॉक्टरांना टक्केवारी दाखवाच.

आता गोळ्या थांबवायचा प्रश्न. हा प्रयोग जगात झालेला आहे दादा, तुम्ही परत करायची गरज नाही. स्मार्ट नावाचा मोठा अभ्यास होता, साडेपाच हजाराच्या आसपास माणसं, २००६ मध्ये निकाल आला. निम्म्यांनी गोळ्या चालू ठेवल्या, निम्म्यांनी सीडी-४ चांगला असताना थांबवल्या आणि खाली आल्यावर परत घेतल्या, कल्पना अशी की औषधाला विश्रांती मिळेल. झालं उलटंच. थांबवणाऱ्यांच्यात आजारपण आणि मृत्यू दुपटीपेक्षा जास्त, आणि सगळ्यांना धक्का बसला तो हा की नुसते एचआयव्हीचे आजार नाहीत, हार्ट, किडनी, लिव्हर यांचेही त्रास वाढले. रक्त तपासलं तर थांबवल्यावर महिन्याभरात आयएल-६ आणि डी-डायमर, म्हणजे रक्त गोठण्याची खूण, चढलेले. म्हणजे ज्या इन्फ्लमेशनच्या भीतीनं तुम्ही मला पत्र लिहिलंत त्याच्यावरच तेल ओतायचा बेत होता तुमचा. वर अजून, तुमच्या गोळीत टेनोफोविर आणि लॅमिव्ह्युडिन असणार, ती दोन्ही हेपटायटिस बी पण दाबून धरतात. तुम्हाला बी आहे का हे कुठं तपासलेलं दिसत नाही. असला आणि गोळ्या अचानक बंद केल्या तर लिव्हर एकदम भडकू शकतं.

आणि दोन औषधं एकदम झेपणार नाहीत हे कोणी सांगितलं? पूर्वी हेपटायटिस सीला इंटरफेरॉनची इंजेक्शनं असायची, वर्ष वर्ष चालायची, ताप, डिप्रेशन, माणूस अर्धा व्हायचा, त्या काळातल्या गोष्टी अजून फिरतायत. आता सोफोसबुविर आणि डॅक्लाटासविर, रोज तोंडानं घ्यायच्या गोळ्या, चट्टे फार नसले तर बारा आठवडे, लिव्हर जास्त खराब असलं तर गोळ्या बदलतात किंवा मुदत वाढते. शंभरातले पंचाण्णव किंवा जास्त बरे होतात आणि एचआयव्ही असलेल्यांच्यातही तेवढेच. बरे म्हणजे दाबून ठेवलेले नव्हे, व्हायरस अंगातून गेला. एचआयव्ही असा जात नाही कारण तो पेशीच्या डीएनएत जाऊन बसतो, हेपटायटिस सीला ती सोय नाही. आणि हे सगळं सरकारी योजनेत फुकट आहे, २०१८ च्या २८ जुलैला केंद्र सरकारनं हेपटायटिसचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला त्यात टेस्ट आणि गोळ्या दोन्ही येतात. बेळगावच्या जिल्हा हॉस्पिटलात चौकशी करा. फॉर्म कन्नडमध्ये दिला तर शेजारच्या माणसाला विचारायला लाजू नका, आपल्याकडं निम्म्या लाइनीला तोच प्रॉब्लेम असतो.

फक्त एक भानगड आहे आणि पत्रातली सगळ्यात मोठी काळजी मला तीच वाटली. तुमची एचआयव्हीची फाइल कोल्हापुरात, लिव्हरची बेळगावात. निपाणी-कागलच्या पलीकडच्या डॉक्टरला हेपटायटिस माहीत नाही आणि अलीकडच्याला एचआयव्हीची गोळी कुठली ते माहीत नाही. आणि डॅक्लाटासविरचा डोस त्या गोळीवरच ठरतो. डोल्युटेग्राविरवाली नेहमीची गोळी असली तर नेहमीचाच ६० मिलिग्रॅमचा डोस चालतो, जुनी एफाविरेन्झवाली चालू असली तर ९० लागतो, अटाझानाविर-रिटोनाविरवाली सेकंड लाइन, म्हणजे पहिली गोळी चालेनाशी झाल्यावर देतात ती, असली तर ३०. चुकीचा डोस म्हणजे एकतर औषध कमी पडणार नाहीतर जास्त होणार. तेव्हा कोल्हापूरच्या हिरव्या-पांढऱ्या कसल्या कार्डावर जे औषधाचं नाव आहे त्याचा स्वच्छ, न हललेला फोटो काढा आणि बेळगावच्या डॉक्टरांपुढं ठेवा. इकडचा लिव्हरचा रिपोर्ट तिकडं न्या.

लाज वाटते, भीती वाटते, कळतंय मला. अनगोळ-शहापुरात सकाळी कोणाला शिंक आली तर संध्याकाळी खानापुरात माहीत होतं. पण २०१७ चा एचआयव्ही कायदा आहे, तुमच्या परवानगीशिवाय तुमचा एचआयव्ही कोणाला सांगता येत नाही आणि त्यावरून हॉस्पिटलला उपचार नाकारता पण येत नाहीत. कायदा आहे म्हणून गावातली तोंडं बंद होत नाहीत हे मलाही कळतंय, तरी डॉक्टरच्या केबिनमध्ये दार लावून बोलायचा हक्क आहे तो वापरा. कधी वाटलं की एवढा प्रवास नको, तर एआरटी सेंटर, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात ते केंद्र, बदलून बेळगावला ट्रान्सफर होते, गोळ्या देशभर कुठंही फुकटच आहेत. आणि नुसतं विचारायचं असलं तर १०९७ हा नॅकोचा, म्हणजे सरकारच्या एड्स नियंत्रण संस्थेचा, फोन आहे, नाव सांगावं लागत नाही.

गुळवेल. मी आयुर्वेदाच्या विरोधात नाही, आमच्या घरी पण सर्दीला आलं-तुळस चालते. पण ज्याचं एसजीपीटी आधीच दुप्पट आहे त्यानं गुळवेलीचा रस रोज प्यायचा नाही. २०२१ मध्ये, कोविडच्या भीतीनं सगळेच काढे पीत होते तेव्हा, मुंबईच्या लिव्हरच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांत लिव्हरला इजा झाल्याचं नोंदवलं, शरीराची इम्युनिटीच लिव्हरवर उलटल्यासारखी. आयुष मंत्रालयानं त्यावर आक्षेप घेतला, वाद झाला, चालू द्या वाद. तुमच्या लिव्हरला त्या वादात साक्षीदार करायची गरज नाही. आणि पावडरच्या डब्यावरचं बारीक अक्षर वाचा, कॅल्शियम, लोह, झिंक, मॅग्नेशियम असणारच. डोल्युटेग्राविर ह्या धातूंना पोटात चिकटून बसतं आणि रक्तात कमी जातं. ॲसिडिटीच्या पातळ औषधाचं पण तेच. कुठलं औषध किती अंतरानं घ्यायचं ते सेंटरच्या फार्मासिस्टला विचारा. मेव्हण्याला सांगा डॉक्टरांनी बंद केलंय, विषय संपतो, मेव्हण्यांशी शास्त्रावर वाद घालून कोणाचं भलं झालंय.

मग धुमसणं कमी कशानं होतं? हेपटायटिस सी गेला की लिव्हरची जळजळ उतरते, एसजीपीटी बऱ्याचदा काही आठवड्यांतच खाली येतं, इन्फ्लमेशनची काही मापं पण कमी होतात. सगळं कोरं होत नाही, दमलेल्या सीडी-८ पेशींवर जुन्या लढाईचे व्रण राहतात हे आता दिसून आलंय, आणि आतड्याचं दुखणं एचआयव्हीचं आहे ते राहतंच. पण दोनातला एक चुलवण विझतो हे काही कमी नाही. पुढचं तुमच्या हातात. सिगरेट-बिडीबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाहीत, पण एका फोटोत रिपोर्टच्या कडेला बिडीचं बंडल दिसतंय बघा, त्यावर मी प्रवचन देत नाही, फक्त एवढं की एचआयव्ही असलेल्या माणसाच्या हार्टला धूर इतरांपेक्षा महाग पडतो. दारू हेपटायटिस जाईपर्यंत शून्य, चट्टे जास्त निघाले तर कायमची शून्य, शनिवारची क्वार्टर पण दारूच असते. कॉफी मात्र प्या, काळजीनं नाही, खरंच सांगते, कॉफी पिणाऱ्यांच्या लिव्हरला चट्टे कमी पडताना अभ्यासांत दिसलंय.

स्टॅटिनचं, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या गोळीचं, विचारा. तुम्ही चाळिशी ओलांडलीय. रिप्रीव्ह नावाचा अभ्यास २०२३ मध्ये आला, एचआयव्ही असलेली ४० ते ७५ वयाची साडेसात हजारांवर माणसं, त्यात भारतातलीही होती, ज्यांचा हार्टचा धोका फार नाही असे लोक. पिटावास्टॅटिन घेणाऱ्यांच्यात हार्ट अटॅक, स्ट्रोक असल्या मोठ्या घटना ३५ टक्क्यांनी कमी झाल्या. तुम्हाला द्यायचं का, आधी हेपटायटिसचा कोर्स संपू द्यायचा का, हे लिव्हर बघून डॉक्टर ठरवतील, पण विषय तुम्ही काढल्याशिवाय गर्दीच्या ओपीडीत तो निघणार नाही.

थकव्याचं. हेपटायटिस सीनं थकवा येतो, हो. पण तुम्ही नाइट शिफ्ट पण करता असं पत्राच्या मागच्या बाजूला लिहिलंत, आणि डोल्युटेग्राविरनं काहींची झोप उडते, तसं असलं तर ती गोळी सकाळी घेऊन बघता येते, सेंटरला विचारून. हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, बी-१२ एकदा बघून घ्या, शाकाहारी असाल तर बी-१२ आधी. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, वजन घटणं यातलं काही असलं तर टीबीची तपासणी लगेच, उद्याच. आणि अकरा वर्षं एकच माणूस सोडून कोणाशी न बोलता हे वागवताय, त्यानं पण माणूस दमतो. एआरटी सेंटरला काउन्सेलर असतात, ते फक्त गोळ्या मोजायला नसतात.

बायकोचं. तुमचा व्हायरल लोड दबलेला आहे तोवर संबंधातून तिला एचआयव्ही जात नाही, हे आता जगभर मान्य आहे. हेपटायटिस सी ताटातून, टॉवेलातून, मिठीतून जात नाही, नवरा-बायकोत संबंधातून जाणं पण क्वचित. तो रक्तातून जातो. तेव्हा ब्लेड, रेझर, नेलकटर, टूथब्रश वेगळे, तिची एकदा टेस्ट, झालं. तुम्हाला कुठून आला हे शोधत बसू नका. तुम्ही १९९८ च्या ॲक्सिडेंटमध्ये रक्त चढवल्याचं लिहिलंत, आपल्याकडं रक्तपेढीत हेपटायटिस सीची तपासणी सक्तीची झाली २००१ मध्ये, त्यामुळं तिथूनही असेल, जत्रेत गोंदवून घेतलं असेल तिथूनही असेल, कुठल्या तरी डॉक्टरच्या उकळलेल्या सुईतूनही. बायकोसमोर हे सांगून टाका, नाहीतर ती मनात दुसरंच काही धरून बसेल. आणि दोघांची हेपटायटिस बीची टेस्ट करून घ्या, निगेटिव्ह असलात तर लस घ्या, सीला लस नाही पण बीला आहे. तुमची बी टेस्ट तर सीच्या गोळ्या सुरू व्हायच्या आधीच पाहिजे, कारण सी गेला की कधी कधी दबलेला बी डोकं वर काढतो.

कोर्स संपल्यावर बारा आठवड्यांनी परत पीसीआर, ती निगेटिव्ह आली की बरे झालात. कार्डची टेस्ट त्यानंतरही पॉझिटिव्हच येत राहणार, पुढच्या वेळी कुठल्या हॉस्पिटलात कोणी दचकलं तर हा पीसीआरचा कागद दाखवायचा, म्हणून तो लॅमिनेट करून ठेवा.

राहिलं हर्नियाचं. हेपटायटिस सी किंवा एचआयव्ही आहे म्हणून ऑपरेशन होत नाही असं काही नाही, पोटात पाणी होण्याइतकं लिव्हर खराब असलं तरच सर्जन थांबतात. तुमच्या रिपोर्टात तसं काही दिसत नाही, तरी फायब्रोस्कॅन हातात आल्यावर तारीख घ्या. तोवर कास्टिंग उचलायचं काम दुसऱ्याला द्या, आणि हर्निया आत जाईना, दुखायला लागला, उलट्या झाल्या तर फायब्रोस्कॅन बिब्रोस्कॅन काही न बघता थेट कॅज्युअल्टी गाठा, मग ती बेळगावची असो नाहीतर कोल्हापूरची.